ढिल्या दोऱ्या

दिग्रसच्या आमच्या ढोल पथकात मुली कायम पुढच्या रांगेत, शोभेला. यवतमाळच्या स्पर्धेत पहिलाच ठोका मारला, तर माझा ढोल नुसता भदभदला. सकाळी मीच त्याच्या दोऱ्या ताणल्या होत्या! शेजारणींचे ढोलही तसेच मेलेले.

वाजवून झाल्यावर पथकप्रमुखाला गाठलं. "दादा, आमच्याच दोऱ्या काहून ढिल्या केल्या?"

"तुमचं चुकलं तं आयकू नाही आलं पाहिजे," तो म्हणाला. "तुमी फक्त हसत राहा."

खरं तर वाजवताना ताल चुकली होती ती मागच्या रांगेतली पोरं.

तेवढ्यात परीक्षक माइकवर म्हणाले, "मुलींची एकही चूक ऐकू आली नाही."

दादा छाती फुगवून माझ्या पुढ्यात उभा राहिला. ढोल बडवायचं टिपरू अजून माझ्या हातातच होतं.