मागून हाक

महाराजांचा दरबार असे त्या दिवशी सकाळी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांत एरवी मी गप्प बसल्याचं कोणाला आठवत नसेल, तोंडाळ म्हणून गल्लीत माझी ख्याती होती. पण त्या सकाळी आई मुकाट्याने खुंटीवरची पगडी काढी, पदराने पुसून माझ्या हाती देई आणि तळहातावर दहीसाखर घाली. मी ती चाटून ‘येतो’ म्हणे. ‘जातो’ म्हणायची चोरी. कुठे निघालास, असं कोणी विचारायचं नाही आणि निघालेल्या माणसाला मागून हाक तर मुळीच मारायची नाही. एकदा माझा रुमाल राहिला. आईने तो पाहिला, दारापर्यंत घेऊन आली आणि टांगा वळेपर्यंत तो हातात धरून उभी राहिली. हाक काही मारली नाही.

दरबारातली माझी जागा म्हणजे वडिलांची जागा. त्यांच्या आधी ती आजोबांची होती. मान घराण्याचा, त्यामुळे मला हवा की नको हा प्रश्नच नव्हता. वडील दसऱ्याच्या दरबाराहून परतले तो दिवस मी विसरणं शक्य नाही. टांगा दाराशी थांबला. मी कडी काढून बाहेर आलो. टांगेवाला मागे वळून म्हणाला, “मालिक, घर आ गया.” वडील उतरले नाहीत. पगडी डोक्यावर नीट होती, हात मांडीवर होते. टांगेवाल्याला वाटलं, डोळा लागला असेल. मलाही तसंच वाटलं. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि मग मला कळलं.

पुढच्या वर्षापासून त्या जागेवर मी उभा राहू लागलो. पहिल्याच मुजऱ्याला छातीत असं काही धडधडू लागलं, की शेजारच्याला ऐकू जात असेल याची मला खात्री होती. तोंड कोरडं, तळवे ओले. चोबदाराची ललकारी झाली की मुजऱ्यासाठी वाकायचं. माना सगळ्यांच्या खाली, त्यामुळे पाहायचं तर फक्त पायांकडे. मी माझ्या पायांकडे पाहत मनाशी म्हणे, आता होणार. आता इथेच होणार.

परतीचा टांगा त्याहून वाईट. टांगा तोच, टांगेवालाही तोच. मी बसल्यापासून त्याच्याशी बोलायला लागे ते घर येईपर्यंत. महाराज बाड्याच्या चौकातली गर्दी, त्याच्या घोड्याची नाल, उन्हाळा, आंब्यांचा भाव, वाटेल ते. एकदा तो म्हणाला, “भैया, आप दरबार से आते हो तो बहुत बोलते हो.” त्याला काय सांगणार? मी बोलायचा थांबलो तर निदान याच्या तरी लक्षात यावं, एवढ्यासाठी माझी बडबड चालली होती.

घरी पोचलो की मात्र राक्षसासारखी भूक लागायची. जेवताना हसू यायचं, सगळं जग चांगलं वाटायचं. यालाच सुख म्हणत असावेत, अशी माझी समजूत झाली होती. मी परतताना आई कधी दाराशी येत नसे. कडी मीच बाहेरून हात घालून काढी. ती चुलीशी पाठमोरी बसलेली असे. तिला स्वयंपाकाची घाई असते, असं मी धरून चाललो होतो.

हळूहळू भीतीने पाय पसरले. आधी ती दरबाराच्या सकाळी यायची, मग आदल्या दिवशी, मग दरबाराची वर्दी आली की लगेच. अन्न जाईना, झोप येईना. जिना चढताना दम लागू लागला. अंगरखा खांद्यावर लोंबायला लागला. वडिलांचंच दुखणं आपल्याला लागलं, याबद्दल मनात शंका उरली नाही. शेवटी इंदरगंजात एक वयस्क डॉक्टर बसत, त्यांच्याकडे गेलो. आईला सांगितलं नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, नाडी पाहिली, मला जिना दोनदा चढायला लावलं.

“दिल में कुछ नहीं है,” ते म्हणाले. “ये बताइए, खुश कब होते हैं?”

कोणी असं विचारतं का? मी जरा विचार करून खरं तेच सांगितलं. टांगा घराशी पोचल्यावर.

ते हसले नाहीत. “वो खुशी नहीं है, छुटकारा है. घर में किसी को बताया?”

“नहीं.”

“बताइए. डर को अंदर बंद रखेंगे तो वो शरीर को ही खाएगा. आज दिल ठीक है, सदा नहीं रहेगा.”

मला संताप आला. ना काढा, ना पुडी, ना पथ्य, आणि वर हा उपदेश. ज्या घरात ‘जातो’ म्हणणं अशुभ, तिथे ‘मला मरायची भीती वाटते’ हे कोणत्या मुहूर्तावर सांगायचं? आणि शेवटचं ते वाक्य तर माझ्या डोक्यातून जाईना. आधी फक्त मरणाची भीती होती. आता भीतीचीही भीती वाटू लागली.

मग दसरा आला. सकाळी आईने तळहातावर दही घातलं आणि ते माझ्या हातून जमिनीवर सांडलं. तिने पाहिलं. पुन्हा घातलं. मी ‘येतो’ म्हणालो, पायऱ्या उतरलो, टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला.

“थांब.”

मागून हाक, तीही सणाच्या दिवशी, दरबाराला निघालेल्या माणसाला. टांगेवाल्यानेसुद्धा लगाम ओढला. आई अनवाणी रस्त्यावर आली होती. विधवा बाई, एरवी सकाळच्या वेळी उंबरठा ओलांडत नसे.

“छातीत दुखतंय का तुला?”

“नाही गं.”

“खरं सांग. त्या दिवशी त्यांनी ह्याच पायरीवर छातीला हात लावला होता. मी पाहिलं. हाक ओठांवर आली होती. अपशकुन नको म्हणून गिळली.” तिने माझी बाही धरली. “आज नाही गिळणार.”

“दुखत नाही, आई. भीती वाटते. त्यांच्यासारखा टांग्यातच मरेन असं वाटतं.”

इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडाबाहेर पडलं, तेही भर रस्त्यात.

“मलाही,” ती म्हणाली. “दर वेळी. टांग्याचे घुंगरू ऐकले की माझ्याने उठवत नाही. दार उघडायला हात धजत नाही. तू आत येऊन ‘आई’ म्हणेपर्यंत मी चुलीकडे बघत बसते.”

मला दरबारात जायला उशीर झाला. धडधड त्या दिवशीही झाली, पुढेही होत राहिली, आज म्हातारपणीही होते. पण त्या दिवशी रांगेत उभा असताना मी स्वतःच्या पायांकडे पाहत नव्हतो. चुलीपुढे पाठमोरी बसलेली आई मला दिसत होती.

परतताना मी टांगेवाल्याशी एक शब्द बोललो नाही. गल्लीच्या तोंडाशी टांगा वळला तेव्हा आमचं दार उघडं होतं. आई चौकट घट्ट धरून उभी होती, डोळे मिटून. घर यायला अजून थोडा अवकाश होता. मी टांग्यात उठून उभा राहिलो आणि सगळ्या खासगी बाजाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, “आई, आलो गं.”