उखाण्यात मिळालेलं घर

घर मला उखाण्याने मिळालं असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात. पण खरं आहे ते. आरमोरीहून वडशाकडे जाताना, जंगलाच्या कडेला एका कंपनीने प्लॉट पाडले होते. ते खपावेत म्हणून त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं आणि बायकांची उखाणा स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस, नमुना म्हणून बांधलेलं घर. शेवटच्या फेरीत मी नवऱ्याचं नाव अशा झोकात घेतलं की मांडवातल्या म्हाताऱ्याही टाळ्या वाजवायला लागल्या.

आमचे हे इकडचेच, पण हैदराबादला एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत. वर्षातून दोनदा घरी येतात. घर विकायचं, वडशात किराण्याचं दुकान टाकायचं आणि त्यांना कायमचं घरी आणायचं, एवढं सरळ गणित होतं. भाव मी ठरवला. बक्षिसाच्या कार्डावर तीस लाख छापलं होतं, मग तीस लाखच. शेजारी दुसरं घर नाही, नळ नाही, तेवढ्यात वडशात दोन घरं आली असती, हे मलाही कळत होतं. पण छापलेला आकडा एकदा डोक्यात बसला की उठत नाही.

दर रविवारी मी दूध-साखर घेऊन तिथे जाऊन बसायची. घरात गॅस नव्हता, म्हणून मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली होती. गिऱ्हाईक यायचं, फरशी बघायचं, खिडक्या उघडून बघायचं, चहा प्यायचं. "छान आहे बाई," म्हणायचं आणि जायचं. शाळामास्तर आले, भातगिरणीचा मुनीम आला, नवरा-बायकोच्या चारपाच जोड्या आल्या. एकानेही घासाघीस केली नाही. बाजारात वांग्यांसाठी अर्धा तास भांडणारी आमची माणसं! तीस ऐकून कोणी हसलं नाही, चिडलं नाही, वीसला देता का म्हणालं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आणखी एक होतं. जाताना प्रत्येक जण कुंपणाजवळच्या झुडपाची एक डहाळी मोडायचा, गेटच्या खांबापाशी ठेवायचा आणि मागे न बघता निघायचा. मला वाटलं, हाताला चाळा. मी चंद्रपूरची, कोळशाच्या खाणीशेजारी वाढलेली, मला जंगलातलं काय कळतं?

भाव पंचवीसवर आणला, मग वीसवर. तरी कोणी तोंड उघडेना. डहाळ्यांचा ढीग मात्र दर आठवड्याला आधीपेक्षा मोठा पडत होता, आणि तो हिशेबात बसत नव्हता. एका रविवारी तीन माणसं आली. पुढच्या रविवारी ढीग माझ्या गुडघ्याएवढा. प्लॉटांचा आतला रस्ता तर आमच्या घरापाशीच संपतो, पुढे जाणारं कोणी नसतं. मी सकाळी पोचले तेव्हा वरच्या डहाळीच्या मोडलेल्या टोकाला चीक ओला होता, आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी हाका मारल्या. माझाच आवाज मला नको वाटला, म्हणून गप्प बसले. मग नेहमीसारखा तो ढीग उचलून मागे नेला. फुकटचं सरपण कोण सोडतं? वाळलेल्या डहाळ्यांवर मी आजवर सगळ्यांना चहा पाजत आले होते.

त्या दिवशी जवळच्या गावचे एक म्हातारे घर बघायला आले, मुलासाठी बघतो म्हणाले. कप हातात घेतला, चुलीकडे नजर गेली आणि त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

"बाई, हे लाकडं कुठून आनले?"

"गेटपाशी पडून राह्यते, भाऊ."

ते उठून चुलीपासून लांब सरकले. मग म्हणाले, "इथी मोहफुलं येचता येचता एका बाईले वाघानं नेलं. जो जाईल तो एक डहाळी टाकत होता तिच्या नावानं. मानसाएवढा ढीग झाला होता. कंपनीची मशीन आली, ढीग सपाट केला अन् वर घर बांधलं. आमी आता घर पाहाच्या निमित्तानं येतो अन् गेटपाशी टाकतो. अन् तू त्याच्यावर चाय करून राह्यली?"

मी चुलीवर पाणी ओतलं. भीती नंतर आली, आधी लाजच वाटली. एवढी माणसं माझ्या हातचा तो चहा निमूट प्यायली होती, कारण परक्या बाईला तोंडावर कसं सांगायचं.

दोन रविवार मी गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी नागपूरचं एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "वीस जास्त होतात हो, सतराला द्या." इतक्या महिन्यांत पहिली घासाघीस! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अठरावर जमलं. दुकान, आमचे हे कायमचे घरी, सगळं मला दिसायला लागलं. एवढ्यात त्याची बायको पोटावर हात ठेवून सहज म्हणाली, "ताई, इथे आधी काय होतं?" तिला सातवा महिना असावा.

काही नाही, जंगल होतं, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या लांब जिभेला ते जमलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ते दोघं चहा न घेता गेले.

तिथूनच मी यांना फोन लावला. सगळं ऐकून हे म्हणाले, "बरं केलं सांगतलं ते."

त्यांच्या आवाजात नवल नव्हतं. मी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"लहानपनी मीबी टाकली हाये तिथी डहाळी."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"बक्षीस भेटलं तवा तू फोनवर किती हासत होती. तुह्यं मन मोडवलं नाई मले."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांना तिथल्या तिथे घरी आणावंसं वाटलं. "मंग आता तुमी कवा येता?" मी विचारलं.

तिकडे गाडीचा हॉर्न वाजला. "थांब," ते म्हणाले, आणि लोकांच्या घरांचं गेट उघडायला गेले. मी फोन कानाला लावून उभी राहिले. एकामागून एक गाड्या आत जातच होत्या.