ज्योतीच्या कमरेचं माप

मावशीचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजची बाही उसवत होते. दुपारची वेळ, दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. "सुरे, ज्योती गेली गं..." एवढंच मावशी बोलली आणि पुढचं रडण्यात गेलं. पुण्यातल्या खोलीत सकाळी चहा ठेवताना ती पडली होती. हृदय फार अशक्त झालं होतं, या बाई बरीच वर्षं नीट जेवत नसाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. चाळिशीही गाठली नव्हती. मी शटर ओढलं आणि अंबाजोगाईहून दिंद्रुडला गेले. अंगणात तिला ठेवलं होतं. जमलेल्या बायका आपसांत कुजबुजत होत्या, "बघ की, आजून पोरीवानी दिसती." मी तिच्या पायाशी उभी होते. डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही. पण ते शब्द कानावर पडले आणि माझा जळफळाट झाला. गेलेल्या बहिणीचाही हेवा करता येतो हे मला त्या दिवशी कळलं. पाच आठवडे झाले, अजून तो शमला नाही.

ज्योती माझी मावसबहीण, माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. दहावीनंतर ती कॉलेजसाठी दिंद्रुडहून आमच्याकडे राहायला आली. उंच, सावळी, खांद्याची हाडं वर आलेली. गल्लीतली पोरं तिला 'शिडी' म्हणायची. मी गोरी, अंगानं भरलेली, गालाला खळी. त्या काळी आमच्याकडे देखणी म्हणजे अशीच... 'खात्यापित्या घरची दिसते' ही सगळ्यात मोठी शाबासकी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझी हनुवटी धरून कौतुक करायच्या आणि ज्योतीकडे बघून आईला विचारायच्या, "हिला काय खायाला देत न्हाईस का गं?" आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्योती मात्र खळखळून हसायची आणि जेवताना आणखी एक भाकरी घ्यायची. ठेच्यावर कच्चं तेल, बुक्कीनं फोडलेला कांदा... खायची हो ती, माझ्यापेक्षा जास्त खायची, पण अंगी लागायचं नाही. तिला बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं की पोरगी आजारी वाटते, ही दुसरी द्यायची असेल तर कळवा. दुसरी म्हणजे मी. ते गेल्यावर मी ज्योतीच्या पाठीवरून हात फिरवत तिची समजूत काढली. मनात मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गावातल्या एका साडीवाल्यांना चौकात मोठा बोर्ड लावायचा होता. ते वडिलांच्या ओळखीचे. 'तुमच्या पोरीचाच फोटो लावू' म्हणाले. मी दोन दिवस तोंडाला हळद आणि साय चोळली. फोटो काढायला पुण्याहून माणूस आला होता. मी जांभळी पैठणी नेसून उभी राहिले. ज्योती पिना आणि बांगड्यांची पिशवी धरून कोपऱ्यात. त्या माणसानं माझे चार फोटो काढले, कॅमेरा खाली घेतला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला होता का? त्या मागच्या ताईंना येऊ द्या." ज्योतीनं मागं वळून पाहिलं, आपल्या मागं कोण उभं आहे ते. दुकानदारही गडबडले. "आहो, ही लई वाळकी हाय, गिऱ्हाईक काय म्हणंल?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "लोकांना साडी दिसली पाहिजे, अंग नाही." आत जाऊन मी ती पैठणी सोडली. माझ्या अंगाची ऊब गेली नव्हती तोवर ती तिला नेसवली. बोर्ड वर्षभर चौकात होता आणि वर्षभर मी लांबच्या रस्त्यानं कॉलेजला गेले.

त्याच माणसानं ज्योतीला मुंबईतल्या एका मॉडेलिंगच्या कंपनीचा पत्ता दिला. फोटो आणि मापं पाठवा म्हणाला. मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी आई बायकांचे कपडे शिवायची आणि मीही तिच्या हाताखाली शिकले होते. इथं आईची एक पद्धत सांगायला हवी. टेपवर जो आकडा येईल त्यात ती दोन इंच मिळवायची आणि मगच वहीत लिहायची. आमच्याकडच्या बायांना घट्ट कपडा चालत नाही. जेवण झाल्यावर काचला की लगेच परत आणतात, आणि नवी लग्न झालेली असेल तर सहा महिन्यांत अंग भरतं. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायचं नाही, वहीतलाच आकडा धरून कापायचं. ज्योतीची कंबर चोवीस भरली. मी हाताच्या सवयीनं सव्वीस लिहिलं. इथपर्यंत ती चूकच होती, देवाशपथ. पण पाकीट चिकटवताना माझ्या ते लक्षात आलं. पेन हातातच होता. आत ज्योती आरशासमोर गुणगुणत केस विंचरत होती... मला वाटलं, जाड म्हणून नाकारतील आणि हे प्रकरण इथंच मिटेल. मी पाकीट चिकटवलं.

नाकारलं नाही. फोन आला की चेहरा आवडला, उंची आवडली, कंबर दोन इंच कमी करून दोन महिन्यांनी या. ज्योती उड्या मारत माझ्याकडे आली, "सुरे, दोनच इंच गं!" त्या दिवसापासून तिची भाकरी बंद. काकडी, ताक आणि मुठीएवढे मुरमुरे. आई ओरडायची, "आगं कावून उपाशी मरती?" दर सोमवारी ती हात वर करून, डोळे गच्च मिटून माझ्यासमोर उभी राहायची आणि मी टेप लावायची. चोवीसची तेवीस झाली त्या सोमवारी मी मोठ्यानं "पंचवीस" म्हणाले. याला सवय म्हणता येणार नाही. तिचा चेहरा पडला आणि दुसऱ्या दिवसापासून मुरमुरेही गेले. शेवटी बावीस भरली तेव्हा मी "चोवीस" म्हटलं. ती मला मिठी मारून रडायला लागली. तिच्या बरगड्या मला टोचल्या.

मुंबईत त्यांच्या टेपनं बावीस भरली आणि ते खूश झाले. तिच्या नावापुढं बावीस लिहिलं गेलं, पुढचे सगळे कपडे त्या मापाचे आले, आणि तिला त्या आकड्यात राहणं भाग पडलं. त्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते. तिनं सहज विचारलं, "सुरे, त्येंची टेप येगळी असती का गं?" मी वर न बघता म्हटलं, "असंल." तिनं माझ्या हातातल्या सुईकडे बघितलं. मग हसली, "असंल," म्हणाली आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

पुढं तिचे फोटो साड्यांच्या पुस्तकांत यायला लागले. माझ्याच दुकानात बायका तिचा फोटो दाखवून विचारायच्या, "ताई, असं फिटिंग येईल का?" मी दोन बाळंतपणं झालेली, बसून बसून पसरलेली... नवरा चेष्टेनं म्हणायचा, तुम्ही दोघी खरंच बहिणी का? मी हसण्यावारी न्यायची आणि मनात ज्योतीला शिव्या घालायची. सूड म्हणून एकच करायची. ती आली की पुरणपोळ्यांचा ढीग घालायची, वर तुपाची धार सोडायची आणि तिच्यासमोर मिटक्या मारत खायची. ती ताटाकडे बघायची, ते मला गोड लागायचं. तिशीनंतर तिला कामं कमी झाली. पोट दिसतं म्हणाले. कुठलं पोट, कुणास ठाऊक! मग ती पुण्यात खोली घेऊन मॉडेलिंगच्या नव्या मुलींना चालायला शिकवू लागली. एकदा मला म्हणाली, "त्येंना लई सांगती, जेवा गं पोरींनो. पण माज्याकडं बघून कोण आयकणार?" आता तर हे वारं आमच्या गावातही आलंय. नवऱ्या मुली टेप लावायच्या आत सांगतात, ताई, दोन इंच कमीच धरा, लग्नापर्यंत बारीक होणार आहे. मी कमी धरते. मांडवात त्यांना श्वास घेता येत नाही, आणि फोटो छान येतात.

मागच्या आठवड्यात मी मनाशी ठरवून दिंद्रुडला गेले. मावशीला सगळं सांगायचं, मग तिनं उंबऱ्यात उभं केलं नाही तरी चालेल. मावशीनं आधी ताट वाढलं. मी म्हटलं, "मावशी, ज्योतीच्या मापाचं मला काई सांगायचंय..."

"मला म्हाईत हाय," मावशी म्हणाली. "तिनं सांगितलतं. सुरीनं मुद्दाम दोन इंच वाढवून लिवलं, म्हणली, म्हंजी मी आनखी बारीक व्हईन आन् पयल्याच फटक्यात पसंत पडंन. तितं चोवीसवाल्या पोरींची रांग व्हती म्हणं. सुरीनंच मला धाडलं, म्हणायची. लई गुण गायची तुजे."

माझा घास हातातच राहिला. ज्योती खरंच तसं समजत होती की मला पाठीशी घालायला आईला तसं सांगून गेली, आता कळायला मार्ग नाही. पण याहून वाईट सांगते. क्षणभर मला बरं वाटलं. तिचे फोटो, तिचं नाव, चौकातला तो बोर्डसुद्धा... सगळं आपल्यामुळंच, असं वाटलं. मावशीनं आणखी एक भाकरी वाढली, मी ती खाल्ली.

जेवण झाल्यावर मी ज्योतीच्या खोलीत जाऊन बसले. खिळ्याला तिची टेप लोंबत होती, ती इथं येताना आणायची तीच, आता पुण्याच्या सामानातून आलेली. बावीसवर निळ्या पेनाची रेघ होती. पुसली की पुन्हा ओढलेली, इतक्या वेळा की तिथं टेपला चीर गेली होती. इथं आली की रोज सकाळी चहाच्या आधी ती दार लावून घ्यायची, मावशी म्हणाली. मी टेप काढायला हात लावला तर मावशी दारातून बोलली, "ऱ्हाऊ दे तितंच." अजूनही मावशी त्या वेळेला खोलीचं दार ओढून घेते.

मावशीला वाचता येत नाही. पण रविवारची पुरवणी शेजारची वंदना तिला ओट्यावर बसून वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. म्हणून हे तोंडानं सांगायचं राहिलेलं इथं लिहिते. वंदना, थांबू नकोस, वाच.

मावशी, मी ज्योतीला धाडलं न्हाई. मी तिला आडवायला गेलते.