तिवरांची संपूर्ण माहिती

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. सुधीरच्या शोकसभेतही नाही. तिथे एका शेजाऱ्यांनी फोनवर साइट उघडून त्याचं लिखाण वाचून दाखवलं, लोक माना डोलावत होते — आणि मी खाली बघत बसले.

सुधीर माझा नवरा. कल्याणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. निवृत्तीनंतर त्याने खाडीकाठच्या तिवरांवर छोटीशी वेबसाइट केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल लिहावं तसं तो झाडांबद्दल लिहायचा. पण वाचत होतं कोण?

माझं ऑफिस ठाण्याला, नौपाड्यात. दवाखान्यांच्या, क्लासेसच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणणं हे माझं काम. लोक जे शब्द टाइप करतात तेच मजकुरात पेरायचे — शीर्षकात, परिच्छेदात, पुन्हा पुन्हा. तसंच मी त्याच्या साइटचं केलं. ‘ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण येथील तिवरांची संपूर्ण माहिती.’ त्याचं एकेक वाक्य काढलं आणि असलं काहीतरी बसवलं. जुनं कुठेही ठेवलं नाही.

साइट वर आली. त्याच सुमारास तो विसरायला लागला होता.

एका दुपारी त्याने स्क्रीनवरून मान वळवून विचारलं, “अगं, हे मी लिहिलंय?”

“मग कोणी? तूच की.”

“इतकं रटाळ?” तो हसला. मीही हसले. तेव्हा सांगता आलं नसतं का?

मग तो ते पाठ करू लागला. आपलंच लिखाण आपल्याला आठवत नाही, हे कुणाला कळू नये म्हणून. दाढी करताना, चहा गाळताना, एका सुरात — ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण. आवाज त्याचाच. पण थांबायच्या जागा माझ्या होत्या. बाहेरच्या खोलीतून ऐकताना वाटायचं, आत तो नाहीच — मीच आहे, त्याच्या गळ्यातून बोलणारी.

पुढे साइट सर्चमधून दिसेनाशी झाली. होतं असं आमच्या कामात. सर्चच्या यंत्रासाठी इतकं लिहिलं जातं, की मागे कुणी माणूस आहे हे यंत्रालाही पटत नाही. मी ते त्याला सांगितलं नाही. तो पाठ करतच राहिला.

पण खरी गोष्ट ही नाहीच. तो जायच्या थोडे दिवस आधी त्याची भाची डोंबिवलीहून भेटायला आली होती. तो तिला तिवरांबद्दल सांगत होता, सगळं माझंच. मध्येच अडला. मग अगदी हळू, वेगळ्याच आवाजात म्हणाला, “पान चाटून बघ गं कधीतरी. झाडाला मिठाचा घाम येतो.”

ते त्याचं वाक्य होतं. मी काढून टाकलेलं. इतके दिवस ते कुठे बसून होतं?

“मामी, खरंच?” भाचीने मला विचारलं.

मी त्याच्याकडे वळले. “नाही रे, असं नाहीये तुझ्या लेखात.”

“असं होय? चुकलं माझं,” तो म्हणाला.

त्यानंतर ते वाक्य तो कधी बोलला नाही.