आठ दिवसांची रजा
समोरच्या बांधकामावर आज कुणीतरी वाळूच्या ढिगावर पाणी मारलं आणि त्या ओल्या वासानं मला थेट गोदावरीच्या पात्रात नेलं. निजामाच्या राज्यात मी पूर्णेजवळच्या एका लहान स्टेशनावर तारबाबू होतो. तारयंत्राच्या कटकटीनं कान किटले होते आणि एखाद्या गाडीचा निरोप चुकेल या धास्तीनं घास उतरत नव्हता. एका सकाळी बायको म्हणाली, "आवं, तुमची बोटं झोपंतबी वाजायलीत." त्याच दिवशी मी रजेचा अर्ज दिला. "बीमार हो क्या?" स्टेशनमास्तरांनी विचारलं. "न्हाई साहेब, बीमार पडायच्या आधीच जातो म्हणलं." रजा मिळाली आणि आम्ही गंगाखेडजवळ बायकोच्या माहेरी गेलो. तिसऱ्या दिवशी पहाटे सासरे मला गोदावरीच्या पात्रात घेऊन गेले. थंडीनं पायाखालची वाळू बर्फ झाली होती. "जावईबापू, इथं बसा. बोलू नका," एवढंच ते म्हणाले. उजाडता उजाडता उत्तरेकडून आवाज आला, लांबवर शेकडो तुताऱ्या फुंकाव्यात तसा, आणि मग करकोचे दिसले, रांगांमागून रांगा, आभाळ झाकून टाकणाऱ्या. हाकेच्या अंतरावर ते उतरले आणि उथळ पाण्यात शांत उभे राहिले. "कुठून येतेत हे?" मी कुजबुजलो. "कोणाला ठावं! लय लांबून. दर साली येतेत, इसावा घेतेत आन् जातेत." नकळत माझे हात जोडले गेले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. पुढं नोकरी संपेपर्यंत दर हिवाळ्यात मी आठ दिवसांची रजा घेत आलो आणि अर्जात कारण एकच लिहीत आलो: घरी पाहुणे येणार आहेत.