सबनीसबाईंची धास्ती

सबनीसबाईंनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

बायकोची बँकेत बदली झाली म्हणून मी नुकताच नाशिकहून कोलकात्यात आलो होतो. नोकरी हवी होती. छाती काढून म्हणालो, "कशाचीच नाही."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. "मग पहिले सहा महिने तुमच्या हाती एकही पासवर्ड द्यायचा नाही," असं म्हणाल्या आणि मला कामावर घेतलं.

आमची कंपनी आठ जणांची. मालक अनिर्बाणदा, हसरा आणि घाईचा माणूस. बाई वयाने सगळ्यांत मोठ्या. यजमान बँकेत अधिकारी होते. बदलीवर इथे आले आणि इथेच गेले. बाई शहरातल्या बेहाला भागात, त्यांच्या घरात राहिल्या. ऑफिसात त्या सगळ्यांच्या 'सबनीसदी'. बंगाली उत्तम बोलत, पण घाबरल्या की मराठीत येत. आणि घाबरत रोजच. कुणी खुर्ची सोडून उठलं की त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा बंद करून येत. "माणूस उठला की त्याचं दार लावावं," म्हणत. पोरं मागे हसायची. मीही हसायचो.

माझे सहा महिने संपले, पासवर्ड हाती आले, आणि मग ते काम आलं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी एक संस्था होती. त्या बायकांची नोंद ठेवणारं ॲप हवं होतं: नाव, मुलं, दवाखाना, कोर्टाची तारीख आणि सध्या कुठल्या घरी ठेवलंय तो पत्ता. माहिती साठवायची कुठे, हे सुरुवातीलाच ठरवायचं होतं. एकदा निवडलं की सहजी बदलता येत नाही.

अनिर्बाणदांच्या ओळखीच्या एकाने हावड्यात सर्व्हर भाड्याने द्यायला ठेवले होते. स्वस्त, आणि हाकेच्या अंतरावर. "आपल्या डोळ्यांसमोर राहील," अनिर्बाणदा म्हणाले.

"हावड्यात नको," बाई म्हणाल्या. "तिथे कुणीतरी कुणाचा तरी मेहुणा निघतो."

"मेहुणे सगळीकडेच असतात, दीदी."

"असतात ना. पण मुंबईतला मेहुणा बेहालात चहाला येत नाही."

"मग परदेशात ठेवू. तिथे तर कुणीच ओळखीचं नाही."

"आणि उद्या काही झालं तर या बायकांनी दाद कुणाच्या दारात मागायची? त्यांना इथल्या कोर्टाची पायरी चढवत नाही, परदेशातल्या कोर्टाची कशी चढवेल?"

शेवटी एका मोठ्या कंपनीच्या मुंबईतल्या केंद्रात जागा घ्यायचं ठरलं. ती मिळायला थोडे दिवस लागणार होते. मला चाचणी उरकायची होती. मी कुणाला न विचारता हावड्यात एक सर्व्हर घेतला आणि खऱ्या बायकांची खरी यादी त्यावर चढवली. खोटी यादी तयार करायचा कंटाळा, दुसरं काही नाही. बाईंना कळलं तेव्हा त्या पांढऱ्याफटक पडल्या. "आधी काढ ते."

"काढलं," मी संध्याकाळी सांगितलं. ॲप काढलंही होतं. पण तो सर्व्हर रोज आपोआप एक प्रत बाजूला ठेवत होता. तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, एक गृहस्थ ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका. खोका बाईंच्या टेबलावर ठेवून हिंदीत म्हणाले, "माझी बायको रागावून गेलीय. मुलीला बरं नाही असं कळलं. संस्थेने तिला ठेवलंय ते बेहालातलं घर मला ठाऊक आहे. हावड्यात आपला एक माणूस आहे, त्याने कागद दाखवला. ती अजून तिथेच आहे का, एवढंच सांगा."

आवाज इतका मऊ, की मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

बाई हसल्या. "बसा ना. उन्हातून आलात." चहा मागवला. मग माझ्याकडे न बघता, भाजीचा निरोप सांगावा तशा मराठीत म्हणाल्या, "आत जा. संस्थेला फोन कर. घर आत्ता रिकामं करायला सांग. मग पोलीस. पळू नकोस, चालत जा."

मी चालत गेलो. दोन्ही फोन लावले. आतल्या खोलीत मला बाहेरून बाईंचा आवाज ऐकू येत होता. मुलगी कितवीत आहे, खोकला कोरडा की ओला, तुमच्याकडे मासा कुठला आवडतो. अर्धा तास त्यांनी त्याला बोलता ठेवला. तेवढ्यात संस्थेच्या बाईंनी त्याच्या बायकोला, रूपाला, आणि मुलीला रिक्षात घालून हलवलं. पोलीस पोचायच्या आधी तो उठून गेला. पुढे कळलं, तो थेट बेहालात गेला आणि कुलूप लावलेल्या दारासमोर अंधार पडेपर्यंत उभा राहिला.

तो गेल्यावर बाई न्हाणीघरात गेल्या, ओकल्या आणि तोंड धुऊन बाहेर आल्या.

"प्रत राहिली होती," मी म्हणालो. "माझी चूक."

"तू काढलंस म्हणालास आणि मी उघडून बघितलं नाही. घाबरणं माझं काम होतं. त्या दिवशी मी आळस केला."

त्याच दिवशी हावड्यातल्या सगळ्या प्रती पुसल्या, कागद दाखवणाऱ्या तिथल्या माणसाची तक्रार दिली. अनिर्बाणदांचं म्हणणं होतं, आता गाजावाजा नको. बाई ऐकेनात. यादीत चौदा जणी होत्या. संस्थेच्या बाईंना बरोबर घेऊन त्या प्रत्येकीला भेटल्या, आणि मला मुद्दाम नेलं. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य: "तुमचा पत्ता आमच्याकडून बाहेर गेलाय. चूक आमची आहे." कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. एकीने उठून आधी खिडकी लावली.

रूपा संस्थेच्या ऑफिसात भेटली. मुलगी मांडीवर झोपली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "दीदी, आता माझा पत्ता कुठे ठेवणार?"

"मुंबईत, कुलपात..." बाईंनी सुरुवात केली.

"ठेवायलाच हवा का?"

 परतताना बसमध्ये बाई माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "महिनाभर भांडले मी, कुठे ठेवायचा, कुठे ठेवायचा. कशाला ठेवायचा हे त्या पोरीने विचारलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी ॲपमधून पत्त्याचा रकानाच काढायला लावला. पत्ते संस्थेच्या दोन बायकांच्या डोक्यात राहिले.

तो माणूस पुन्हा आला. या वेळी खोका नव्हता.

"पत्ता," तो म्हणाला.

"आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या. मी शेजारी उभा होतो. त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही. "कुठेच लिहिलेला नाही. सगळं उघडून दाखवते, बघा हवं तर."

त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. खरं बोलतायत हे त्याला कळलं असावं. खुर्चीला लाथ मारून तो निघून गेला.

बाई पुढच्या वर्षी मुलाकडे पुण्याला गेल्या. अधूनमधून फोन यायचा. तब्येतीचं राहायचं, कामाचंच बोलणं. गेल्या हिवाळ्यात बाई वारल्याचा मुलाचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी मेट्रोत मला रूपा दिसली. मुलगी उंच झाली होती, शाळेच्या गणवेशात, आईच्या दंडाला धरून उभी. रूपाने मला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती उमटली ती मी पाहिली, आणि नजर खाली वळवली. माझं स्थानक अजून चार स्थानकं पुढे होतं. गाडी थांबली तसा मी उतरलो आणि तिच्या डब्याकडे पाठ करून उभा राहिलो. ती कुठे उतरते ते मला कळायला नको होतं.