रिकाम्या खाचेतली रेघ

मिलीमामांनी सवयीने बटण दाबलं आणि पडद्यावर तीच ओळखीची रेघ उमटली. झर्रकन वर, मग सपाट. चार मिलिसेकंद. मामांनी समाधानाने मान डोलावली, आणि ती अर्ध्यातच थबकली. स्फटिक तर त्यांच्या डाव्या हातात होता, पुसायला काढलेला! खाच रिकामी होती.



काय माणूस हो! एकतीस वर्षं त्या बिनखिडकीच्या खोलीत सेकंदाचा हजारावा भाग मोजत बसले, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना मिलीमामा म्हणे. बायको म्हणे, "सेकंदाचे हजार तुकडे करता, आणि समोरचं दूध उतू जातं ते दिसत नाही!"

काम मात्र नाजूक. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकाचा नखाएवढा तुकडा खाचेत बसवायचा. झडप उघडली की दोन लेसर किरण त्यात एकमेकांना भेटतात, उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्या पडतात, उजेडातले विद्युतभार अंधाराकडे पळतात आणि पट्ट्यांचा ठसा आत उमटतो. तोच होलोग्राम. तो उमटला की थोडा उजेड वळवून मोजणाऱ्या उपकरणाकडे पाठवतो. तो किती चटकन उमटतो, त्यावर तुकड्याची सारी लायकी. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सात वर्षं खपून हा तुकडा घडवला होता, आणि या आठवड्यात मोजलेला चार मिलिसेकंदांचा आकडा पाहुण्यांना कळवून टाकला होता. पाहुणे अकराला येणार होते, तुकडा आपल्या यंत्रात घ्यायचा की नाही ते ठरवायला. घड्याळात साडेदहा.

मामांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच रेघ. भूत म्हणावं तर तेही बरं वाटलं असतं.

मग त्यांची नजर उजेड मोजणाऱ्या उपकरणाच्या डोळ्यावर गेली. त्याच्यापुढची काळ्या कागदाची नळी कुठे होती? फडताळात, फडक्याखाली. गेल्या आठवड्यात डोळा पुसताना त्यांनीच काढून ठेवली होती. नळी नाही म्हणून झडपेतून सांडलेला उजेड सरळ डोळ्यात शिरत होता, आणि ठशाचा मंद उजेड त्यात बुडून गेला होता. आठवडाभर मामा झडप उघडण्याचा वेग मोजत होते.

निवृत्तीला तीन महिने. नळी गुपचूप लावून टाकली तर? पण मग आकडा बदलेल. नाही लावली, तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण लावलीच नाही, तर मॅडमचा खोटा आकडा परक्या यंत्रात जाऊन बसेल, आणि एके दिवशी तिथेच तोंडघशी पडेल.

"मामा, झालं का? चेहरा का असा पांढराफटक?" मॅडम दारातच होत्या.

"मॅडम... आकडा आपल्या तुकड्याचा नाही. झडपेचा आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. मॅडम स्टुलावर बसल्या.

"मी त्यांना लिहून दिलंय, मामा."

"माझी चूक आहे. मी सांगतो."

"तुम्ही? चार माणसांपुढे तुमची दातखीळ बसते."

"बसू दे."

अकराला तिघे पाहुणे आले. मामांनी कबुली दिली. वाक्य तीनदा अडखळलं. पाहुण्यांतली वयस्कर बाई चष्म्यावरून बघत राहिली.

"तर खरा आकडा किती?"

"ठाऊक नाही. दहापट मंदही निघेल."

"मग इथे बसून काय करू आम्ही?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मामांनी नळी उपकरणाच्या डोळ्यापुढे बसवली, स्फटिक खाचेत ठेवला. तुकडा जराही वाकडा बसला नाही.

"टेबल स्थिर व्हायला दहा मिनिटं लागतात," ते म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजाने दचकले. "तोवर कोणी खुर्ची सरकवू नका."

बाई उठता उठता परत बसली. खुर्ची न सरकवता.